उरलेले पैसे मोजून आण

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा संपादक मंडळाची अपेक्षा बहुधा अशी असावी की एका बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर, नाही तर मुलांच्या आहारावर काही चार उपयुक्त गोष्टी लिहाव्यात. त्या विषयांवर आपल्या सभासदांनी यापूर्वी पुष्कळ आणि उत्तम लिहिले आहे. माझ्या मनात गेले वर्षभर वेगळाच विषय घोळतो आहे. तो आहे तेवीस मिनिटांचा. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात जपानच्या कौटुंबिक सहलीत, क्योतो शहरी, माझ्या मुलीने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने दूध आणावयास पाठवले, ती ही तेवीस मिनिटे. ती मला इतकी जड का गेली, हे सांगावयाचे तर आधी थोडे मागे जावे लागेल.

माझा जन्म १९५४ चा. बालपण येथेच, सिंहपुरीतील एका जुन्या वाड्यात गेले. सहावे संपून सातवे लागले त्या सुमारास आजीने मला पहिले काम सांगितले. छत्री चौकाच्या अलीकडे एक हलवाई होता, त्याच्याकडून तीन आण्यांचे दही आणावयाचे. एका हातात कडीचा पितळी डबा, दुसऱ्या हाताच्या मुठीत पंचवीस नव्या पैशांचे नाणे. निघताना आजीने बजावले, "उरलेले पैसे मोजून आण." दशमान नाणी १९५७ साली आली होती, पण आमच्या आजीचा हिशेब अजून आण्यांतच चाले. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, हे मला पाठ होते. तेव्हा तीन आण्यांचे अठरा, आणि पंचविसांतून अठरा गेले की सात परत, असे गणित करून मी गेले. हलवायाने सहाच पैसे परत दिले. मी तेथेच त्याच्याशी हुज्जत घातली आणि डोळ्यांत पाणी आणून घरी आले. आजोबांनी समजावले की एक आणा खरा सव्वासहा पैशांचा, म्हणून तीन आण्यांचे अठरा नव्हे, एकोणीस धरतात. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्या दुकानी पाठवण्यात आले, ते क्षमा मागण्यासाठी. हलवाई मोठ्याने हसला आणि त्याने माझ्या हातावर रबडीचा एक चमचा ठेवला.

आज विचार करते तेव्हा लक्षात येते की मी 'एकटी' गेले होते असे म्हणणे तितकेसे खरे नाही. वाड्याच्या दारापासून चौकापर्यंत प्रत्येक ओटल्यावर कोणी ना कोणी बसलेले असे. पापड वाळवणाऱ्या काकू, गोपाळ मंदिरातून परतणारे आजोबा, जपमाळ ओढणाऱ्या सोवळ्यातल्या आजीबाई. "कुणाची गं तू? कुठं निघालीस?" असे किमान चार ठिकाणी विचारले जाई. रस्त्यावर टांगे आणि सायकली होत्या, क्वचित एखादी मोटार दिसे. मुलाला कामास पाठवणे हा एकट्या आईचा निर्णय नसे. सारी गल्ली त्यात सहभागी असे, आणि म्हणूनच तो निर्णय सोपा होता.

पुढे इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून शिक्षण पूर्ण करून मी उज्जैनला परतले आणि फ्रीगंजमध्ये दवाखाना सुरू केला. १९९० सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. दुपारी चारच्या सुमारास एका सात वर्षांच्या मुलाला उचलून माझ्याकडे आणले. दूध आणावयास निघालेला हा मुलगा रस्ता ओलांडताना वेगाने आलेल्या स्कूटरखाली सापडला होता. डोक्याला मार होता, उजवी बाहुली विस्फारलेली होती. जे करता येण्यासारखे होते ते केले आणि तातडीने इंदूरला रवाना केले. तो परत आला नाही. त्याची आई माझ्या तपासणीच्या टेबलाचा कोपरा धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मैंने ही भेजा था, मैडम. मैंने ही भेजा था."

मी तिला काहीही बोलू शकले नाही. आपणा सर्व डॉक्टर मंडळींच्या वाट्याला असे प्रसंग येतात आणि त्या क्षणी आपल्याजवळ शब्द नसतात.

माझी मुलगी त्या वेळी नेमकी सात वर्षांची होती. त्या दिवसापासून तिचे बाहेरचे प्रत्येक काम बंद झाले. शाळेत पोहोचवावयास माणूस, शिकवणीस माणूस, कोपऱ्यावरून वही आणावयाची तरी कंपाउंडर बरोबर. ती तक्रार करीत नसे. २००१ साली अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ती पुण्यास गेली. पहिल्याच संध्याकाळी एस.टी.डी. बूथवरून तिचा फोन आला. वसतिगृहासमोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या खाणावळीत जावयाचे होते. अर्धा तास ती पदपथावर उभी होती आणि शेवटी जेवल्याशिवाय परत फिरली. अठरा वर्षांची, गणितात पंच्याण्णव गुण मिळवणारी मुलगी! त्या रात्री मलाही जेवण गेले नाही.

क्योतोमधील सकाळ

क्योतोमध्ये आम्ही हॉटेलऐवजी एका निवासी गल्लीतील छोटे घर भाड्याने घेतले होते. माझे पती, मी, मुलगी, जावई आणि नातू. मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नातवाने स्वतःच विचारले, "आई, दूध मी आणू?" दोन दिवस तो पाहत होता. पिवळ्या टोप्या घातलेली, पाठीवर टणक चामडी दप्तर घेतलेली, त्याच्याहूनही लहान मुले रांगेने शाळेत पायी जात होती. बरोबर एकही पालक नव्हता. फक्त चौकात झेंडी घेऊन एखादे आजोबा उभे असत. जपानमध्ये मुलाच्या पहिल्या एकट्या कामाचे मोठे कौतुक आहे. तेथील एका दूरदर्शन वाहिनीवर १९९१ पासून त्याच नावाचा, म्हणजे 'पहिले काम' अशा अर्थाचा, कार्यक्रम दाखवला जातो. २०२२ मध्ये तो नेटफ्लिक्सवरून जगभर पोहोचला. माझ्या मुलीने तो पुण्यात बसून पाहिला होता. त्यातील मुलांच्या आसपास छायाचित्रकार आणि साहाय्यक लपून असतात, हेही तिला ठाऊक होते. त्यामुळे ती भारावून गेलेली नव्हती.

तिने तयारी केली ती माझ्यासारख्या चिकित्सकालाही विचार करावयास लावणारी होती. आदल्या दोन दिवसांत दुकानाचा रस्ता दोनदा चालून झाला होता. दुसऱ्या वेळी नातू पुढे आणि आम्ही मागे. दुकान म्हणजे तिकडे ज्याला 'कोन्बिनी' म्हणतात तसले, रात्रंदिवस उघडे असणारे. अंतर सुमारे दोनशे मीटर. वाटेत एकच रस्ता ओलांडावयाचा, आणि त्यावर पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र दिवा. खिशात जपानी लिपीत घराचा पत्ता आणि आमचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद. हाती हजार येनची एक नोट. काम दोनच वस्तूंचे : एक लिटर दूध आणि पाव. वेळ पंधरा मिनिटे. वीस मिनिटांत आला नाही तर मुलगी त्याच वाटेने निघणार, हे त्यालाही सांगून ठेवलेले. "चुकलास तर पुढे जायचं नाही. दुकानात परत जायचं आणि गल्ल्यावरच्या बाईंना हा कागद दाखवायचा." त्याने सारे म्हणून दाखवले आणि तो निघाला. दार लागताना माझ्या तोंडून अभावितपणे शब्द गेले, "उरलेले पैसे मोजून आण रे!"

पंधरा मिनिटे झाली. मी सज्जात उभी होते, पण तेथून वळणापलीकडचे दुकान दिसत नव्हते. माझ्या कानांत १९९० चा तो आवाज होता. मी पायांत चपला सरकवल्या. मुलगी म्हणाली, "आई, अजून पाच मिनिटं." माझ्या लेकीने मला इतक्या ठाम स्वरात कधी काही सांगितल्याचे आठवत नाही. वीस मिनिटे झाली तशी ती शांतपणे उठून बाहेर गेली आणि दोन मिनिटांत एकटीच परत आली. "बसलाय दुकानाच्या पायरीवर. पैसे मोजतोय." "मग घेऊन का नाही आलीस?" "मोजून होऊ दे की त्याचं." कोपऱ्यावरूनच त्याला पाहून, त्याच्या दृष्टीस न पडता, ती मागे फिरली होती.

तेविसाव्या मिनिटाला दार वाजले. विलंबाचे कारण असे की हिशेब जुळत नव्हता. बिल झाले होते ४३३ येन, आणि पावतीवर परत देण्याची रक्कम होती ५६७. हातात नाणी सहा. त्यांपैकी पाचांवर आकडे होते : ५००, ५०, १० आणि १ ची दोन. सहावे मध्ये भोक असलेले पिवळे नाणे होते, त्यावर आकडाच नव्हता. जपानच्या पाच येनच्या नाण्यावर किंमत केवळ त्यांच्या लिपीत लिहिलेली असते, हे आम्हांपैकी कोणालाच माहीत नव्हते. नातवाने पायरीवर बसून पाच नाण्यांची बेरीज केली. ती ५६२ आली. पावती म्हणते ५६७. "म्हणजे आजी, हे न लिहिलेलं पाचाचं असणार." तीन आणे म्हणजे एकोणीस पैसे, हे ज्या दिवशी मला समजले होते त्या दिवसाची आठवण होऊन मी त्याला जवळ घेतले.

चहा मात्र नासला. आणलेला खोका दुधाचा नव्हता, पिण्याच्या दह्याचा होता. दोन्हींचा आकार आणि रंग जवळजवळ सारखा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, तेव्हा दुकानातील बाईंनी त्याचे बोट धरून दुधाच्या खोक्याच्या वरच्या कडेला असलेल्या छोट्या अर्धगोल खाचेवर ठेवले. ज्यांना दिसत नाही अशा व्यक्तींना स्पर्शाने दूध ओळखता यावे म्हणून ही खाच ठेवलेली असते. शब्दाविना शिकवलेला हा धडा नातवाने आम्हा सर्वांना घरी येऊन शिकवला. आम्ही त्याला बरोबर घेऊन गेलो असतो तर योग्य तोच खोका आला असता, आणि हे काहीच आले नसते.

त्या संध्याकाळी कामो नदीच्या काठी बसलो असता मी मुलीला विचारले, "तुला भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "वाटली ना. पण मला पुण्यात अठराव्या वर्षी जे शिकावं लागलं, ते हा आठव्या वर्षी शिकतोय." तिच्या बोलण्यात दोषारोप नव्हता. मला तो ऐकू आला, ही गोष्ट वेगळी.

शास्त्र काय सांगते

परतल्यावर मी या विषयावरील वाङ्मय थोडे चाळले. सभासद बंधू-भगिनींना त्यातील काही गोष्टी उपयुक्त वाटतील.

इंग्लंडमधील मेयर हिलमन व सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. १९७१ मध्ये तेथील सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीविना शाळेत जात. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. या काळात मुलांचे अपघाती मृत्यू घटले होते, आणि सरकार त्याचे श्रेय सुरक्षित रस्त्यांना देत होते. हिलमन यांचे म्हणणे असे की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलेच रस्त्यावरून नाहीशी झाली आहेत. २०२३ मध्ये पीटर ग्रे, डेव्हिड लॅन्सी आणि डेव्हिड बिऑर्कलंड या तीन अभ्यासकांनी 'जर्नल ऑफ पेडिअॅट्रिक्स'मध्ये असा युक्तिवाद मांडला, की गेल्या काही दशकांत मुलांमध्ये वाढलेल्या चिंता व नैराश्याच्या कारणांत, मोठ्यांच्या थेट देखरेखीविना खेळण्याच्या व वावरण्याच्या संधी कमी होणे हे एक मोठे कारण आहे. हा युक्तिवाद आहे, अंतिम सिद्धता नव्हे. तथापि मूल चिंताग्रस्त आहे म्हणून आणणाऱ्या पालकांना मी आता एक प्रश्न विचारते : "हे मूल एकट्याने कोणते काम करते?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

दुसऱ्या बाजूचे शास्त्रही तितकेच महत्त्वाचे आहे. स्वीडनच्या स्टिना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते की लहान मुलाला कितीही शिकवले तरी प्रौढांच्या वाहतुकीशी ते पूर्णपणे जुळवून घेऊ शकत नाही. २०११ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल होलोवे महाविद्यालयातील जॉन वॉन आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणारे वाहन आपल्याकडे येत आहे, हे प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या दृष्टिसंस्थेला विश्वसनीयपणे कळतच नाही. हा बेफिकिरीचा प्रश्न नाही, मेंदूच्या परिपक्वतेचा आहे. जपानच्या पोलीस यंत्रणेने २०११ पासून निवासी भागांत ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादेची क्षेत्रे आखण्याचा कार्यक्रम हाती घेतला, त्याचे मर्म येथे आहे.

हा निष्कर्ष वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसले. १९९० मध्ये त्या मातेला सांगावयाचे शब्द मला चौतीस वर्षांनी सापडले होते. "बाई, तू पाठवलेस यात चूक नाही. तुझ्या मुलाचे डोळे ती स्कूटर ओळखूच शकत नव्हते, आणि ती इतक्या वेगाने तेथे यावयास नको होती." तिने पाठवले, हाच तिचा अपराध असे ती मानत राहिली. आणि मीही, तिला दोष न देता, माझ्या घरात तोच निकाल अमलात आणला.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

आज आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी असतात, आणि सहलीही वारंवार होतात. तेथे मुलाला छोटे काम सांगावे का? माझे उत्तर 'होय' आहे, पण औषध लिहून देताना आपण जसे मात्रा, वेळ आणि वर्ज्य गोष्टी लिहितो तसेच येथेही करावे.

पहिली गोष्ट वाहतुकीची दिशा. जपान, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया येथे वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात. तेथे 'आधी उजवीकडे पाहा' ही आपल्या मुलांची सवय उपयोगी पडते. युरोपचा बहुतांश भाग आणि अमेरिका येथे तीच सवय घातक ठरते, कारण पहिले वाहन डावीकडून येते. तेथे पहिले काम असे निवडावे की रस्ता ओलांडावाच लागू नये. दुसरी गोष्ट कायद्याची. मुलाला एकटे सोडण्याविषयीचे संकेत आणि नियम देशोदेशी, अमेरिकेत तर राज्योराज्यी, भिन्न आहेत. तेथील युटा राज्याने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून स्पष्ट केले की पुरेशी समज असलेल्या मुलाला शाळेत, दुकानात वा मैदानावर एकटे जाऊ देणे म्हणजे हेळसांड नव्हे. असे स्पष्टीकरण कायद्याने द्यावे लागले, यावरूनच इतरत्र शेजारी पोलिसांना बोलावू शकतात हे ध्यानी घ्यावे. जेथे राहता तेथील यजमानांना आधी विचारावे.

तिसरी गोष्ट, मूल ओळखावे. वय हा एकच निकष नव्हे. मूल सूचना उलट सांगू शकते का, चुकल्यावर थांबते की धावत सुटते, अनोळखी व्यक्तीला मदत मागू शकते का, हे पाहावे. शेंगदाणे, दूध, अंडी यांची तीव्र अॅलर्जी असलेल्या मुलाला, जेथील लिपी वाचता येत नाही तेथे, स्वतःसाठी खाऊ विकत घेऊ देऊ नये. दम्याच्या मुलाजवळ पंप असावा. चौथी गोष्ट, 'अनोळखी माणसाशी बोलू नको' ही सरसकट शिकवण सोडून द्यावी. संकटात मुलाला अनोळखी माणसाचीच मदत घ्यावी लागते. त्याऐवजी कोणाची मदत घ्यावी हे शिकवावे : दुकानाच्या गल्ल्यावरची व्यक्ती, गणवेशातील पोलीस, लेकुरवाळी स्त्री. आणि जो मोठा माणूस मुलाकडेच मदत मागतो, किंवा 'घरी सांगू नको' म्हणतो, त्याच्यापासून दूर व्हावे, मग तो ओळखीचा का असेना. बालकांवरील अत्याचारांत आरोपी बहुतांशी परिचयातलाच निघतो, हे आपण आपल्या व्यवसायात पाहतोच. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : ठरलेल्या वेळेला मूल परतले नाही तर कोण निघणार, कोणत्या वाटेने निघणार, हे पाठवण्यापूर्वी ठरलेले असावे.

सांदीपनींच्या गावी

या शेवटच्या मुद्द्यापाशी मला आपल्या गावाची एक कथा आठवते. सांदीपनी ऋषींचा आश्रम येथलाच. मंगलनाथच्या वाटेवर अंकपात येथे, जेथे बाळकृष्णाने पाटीवरचे अंक धुतले अशी श्रद्धा आहे, तेथे आपण सर्व जण मुलांना घेऊन गेलो आहोत. भागवताच्या दशम स्कंधात, पुढे द्वारकेस भेट झाल्यावर, श्रीकृष्ण सुदाम्याला एक आठवण सांगतात. गुरुपत्नीने दोघांना सरपण आणावयास रानात पाठवले होते. अवकाळी वादळ आले, अंधार पडला, पाण्यात वाट दिसेना, आणि दोघे एकमेकांचा हात धरून रात्रभर भटकत राहिले. आपल्या जिल्ह्यात महिदपूरजवळचे नारायणा हे गाव या प्रसंगाचे स्थान मानले जाते. ही कथा आपण मैत्रीची म्हणून सांगतो. मला मात्र आता त्यातील उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. सूर्योदय होताच सांदीपनी स्वतः शिष्यांना शोधावयास रानात गेले. गुरुपत्नीने पाठवले यात तिला कोठेही दोष दिलेला नाही, आणि गुरूने घरी बसून वाट पाहिली असेही नाही. मुलाला पाठवणे आणि वेळेवर त्याच्या मागे निघणे, ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत. माझ्या आजीच्या काळी दुसरे अंग गल्ली सांभाळीत असे. क्योतोमध्ये ते माझ्या मुलीने कोपऱ्यापर्यंत जाऊन सांभाळले.

आजच्या उज्जैनमध्ये ते कोण सांभाळणार? २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोकचे लोकार्पण झाल्यापासून शहरात येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या प्रचंड वाढली आहे. २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आहे. गल्लीगल्लीत ई-रिक्षा आणि मोटारसायकली आहेत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावरील अपघातांत मृत्युमुखी पडली. तेव्हा 'आमच्या वेळी आम्ही जात होतो, तुम्हीही जा' असे मुलांना सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. ओटलेही आता फारसे उरलेले नाहीत.

परंतु दवाखाने आहेत. जपानमध्ये १९९० च्या दशकापासून अनेक घरांवर आणि दुकानांवर एक खूण लावलेली असते. तिचा अर्थ, 'अडचणीतल्या मुलाने येथे यावे'. तेथील पोलिसांचा क्रमांक ११० आहे, त्यावरून त्या घरांना '११० क्रमांकाची मुलांची घरे' असे म्हणतात. फ्रीगंजमध्ये टॉवरपासून कोणत्याही दिशेला शंभर पावले टाकली तर आपल्यापैकी कोणाचा तरी दवाखाना लागतो. मुलांना सुईची भीती वाटत असली तरी डॉक्टरांच्या पाटीचा विश्वास वाटतो. आपण आपल्या स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांना एवढेच शिकवून ठेवावे : एकटे मूल आत आले तर त्याला सर्वांना दिसेल अशा जागी बसवावे, पाणी द्यावे, पालकांना दूरध्वनी करावा, गरज पडल्यास १०९८ किंवा ११२ वर कळवावे आणि मुलाला कोणाही एकट्या व्यक्तीबरोबर सोडू नये. यास खर्च काही नाही. आपल्या परिचयाच्या कुटुंबांना आपण सांगू शकतो, "बाळ, वाटेत काही झाले तर डॉक्टरांच्या दवाखान्यात शिर." माझ्या दवाखान्यात ही पद्धत मी सुरू केली आहे. मंडळाच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा अशी नम्र विनंती.

असो. २०२५ च्या मे महिन्यात नातू सुटीसाठी उज्जैनला आला होता. घराच्या बाजूलाच, रस्ता न ओलांडता पोहोचता येईल असे एक दुकान आहे. एका सकाळी मी त्याला पन्नासची नोट देऊन दही आणावयास सांगितले आणि स्वतः फाटकापाशी उभी राहिले. तो सहा मिनिटांत परतला. दही योग्य होते. उरलेल्या पैशांत मात्र दोन रुपये कमी होते. मी विचारण्यापूर्वीच त्याने खुलासा केला. दुकानदाराजवळ सुटे नव्हते म्हणून त्याने दोन रुपयांऐवजी चॉकलेट देऊ केले. नातवाने ते घेतले नाही. "मी त्यांना सांगितलं, आजीने पैसे मोजून आणायला सांगितलेत." यावर दुकानदार हसून "तो फिर कल ले जाना" म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी हाक मारण्यापूर्वीच, तो चपला घालून दारात तयार होता.